कचरा, बेवारस की अडगळ? 'गार्बेज कलेक्शन'साठी मराठी शब्द

विचारणा, डिचोलीहून

संध्याकाळी शाळेतल्या मुलांना मी मराठीतून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. पायथन ३ मध्ये चलांना देवनागरी नावं देता येतात, त्यामुळे फळ्यावर परवा असं लिहिलं: 'यादी' नावाची तीन आकड्यांची लिस्ट, खाली 'प्रत = यादी', आणि तिसऱ्या ओळीत 'डेल यादी', म्हणजे पुसण्याची आज्ञा. नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, आता ती लिस्ट कोयर झाली ना?" (कोयर म्हणजे कोकणीत कचरा.) मी 'प्रत' छापून दाखवली. तिन्ही आकडे शाबूत. "मग पुसलं काय?" तिचा प्रश्न बरोबर होता. पुसलं ते नाव. लिस्ट एकच होती, तिला दोन नावं होती, एक गेलं. 'प्रत' हे नाव देऊन घोटाळ्यात भर मीच घातली, कारण प्रत झालीच नव्हती.

प्रोग्रामला न लागणाऱ्या वस्तूंची मेमरीतली जागा भाषेने आपोआप मोकळी करणं म्हणजे 'गार्बेज कलेक्शन'. पण तेव्हापासून त्यातला 'कचरा' हा शब्द मला खटकतो आहे. कचरा म्हटलं की मुलांना घाण, फुटकं, नासकं असं काही डोळ्यांपुढे येतं. इथे वस्तू धडधाकट असते, फक्त तिच्यापर्यंत पोचायची वाट उरलेली नसते. शिवाय रेफरन्सला, म्हणजे नावाकडून वस्तूकडे नेणाऱ्या दुव्याला, 'संदर्भ' म्हणावं का? संदर्भ पुस्तकाच्या शेवटी असतो, बोलण्याला असतो. वस्तूला धरून ठेवणारा संदर्भ कानाला पटत नाही.

उत्तर, फोंड्याहून

'बेवारस' घ्या. बसस्टँडवर बेवारस बॅग सापडते तेव्हा बॅग खराब आहे असं कोणी म्हणत नाही. तिच्यावर हक्क सांगणारं कोणी नाही, एवढंच त्या शब्दात आहे. 'बे' फारसी, 'वारस' अरबी, पण शब्द आता पुरता आपला.

इतिहासही याच बाजूचा आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या आपल्या प्रोग्रामिंग भाषेवरच्या १९६० च्या लेखात ही पद्धत मांडली, पण 'गार्बेज कलेक्शन' हे नाव त्यात वापरलं नाही. आपसात ते तसंच म्हणत, हे त्यांनी नंतर नोंदवलं. लेखात भाषा आहे ती प्रोग्रामने वाऱ्यावर सोडलेल्या जागांची: ज्यातला मजकूर आता कुठल्याही वाटेने सापडू शकत नाही अशा. म्हणजे मूळ कल्पना बेवारसपणाचीच.

रेफरन्सला मी 'निर्देश' म्हणेन. 'या वस्तूकडे किती निर्देश आहेत' असं सहज मोजता येतं.

उत्तर, पेडण्याहून

'बेवारस' आवडला, पण एक अडचण आधीच सांगतो. दोन वस्तू एकमेकींना धरून बसल्या आणि बाहेरून त्यांना कोणीच ओळखत नाही, तर? मोजणीच्या हिशेबात दोघींकडे एकेक निर्देश आहे, म्हणजे दोघींना वारस आहे. १९६० मध्येच जॉर्ज कॉलिन्स यांनी सुचवलेल्या मोजणीच्या पद्धतीची हीच दुखरी जागा. नेहमीच्या पायथनमध्ये मोजणी शून्यावर आली की वस्तू लगेच जाते, पण अशी वर्तुळं शोधायला वेगळा झाडूवाला ठेवावा लागला, तो २००० सालच्या २.० आवृत्तीपासून. म्हणून व्याख्या अशी करा: प्रोग्रामच्या हातातल्या नावांपासून निघून जिथे पोचता येत नाही ते बेवारस. एकमेकींचं वारसपण धरायचं नाही.

दुसरं, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटणारं. आपल्याकडे गोव्यात किती तरी घरं वर्षानुवर्षं बंद आहेत. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेमुळे वारस अनेक, त्यातले निम्मे परदेशी. कौलं खाली आली तरी त्या घराला कोणी हात लावू शकत नाही, कारण ते बेवारस नाही. जावा या भाषेत 'मेमरी लीक' म्हणतात ते हेच: लागत नाही, पण कुठल्या तरी जुन्या यादीत निर्देश राहिला आहे, म्हणून हलत नाही. याला 'गळती' म्हणू नये. सी या भाषेत पत्ता हरवून जागा अडकते तिथे गळती ठीक आहे. हिला आपला नेमका शब्द आहे: अडगळ. माळ्यावर असते, मालकीची असते, आणि झाडूवाला ती नेत नाही.

पुन्हा डिचोलीहून

अडगळ! हा शब्द उद्याच वर्गात नेतो. बेवारस आणि अडगळ शेजारी ठेवले की अर्धा तास वाचेल.

त्याच धाग्याने 'वीक रेफरन्स'चं, म्हणजे वस्तू दाखवणाऱ्या पण तिला धरून न ठेवणाऱ्या निर्देशाचं, पाहतो आहे. 'कमकुवत संदर्भ' म्हटलं की त्यात काही बिघाड आहे असं वाटतं. खरं तर शेजाऱ्याला घर ठाऊक असतं, पण हक्क नसतो. घर पाडलं तर तो अडवू शकत नाही, गेला तर मोकळी जागा बघून परत येतो. म्हणून 'हक्काचा निर्देश' आणि 'ओळखीचा निर्देश'. कसं वाटतं?

'क्लीनअप'ला मात्र दोन शब्द लागतील असं माझं ठाम मत आहे. जागा मोकळी करणं ही झाडलोट. फाइल बंद करणं, जोडणी सोडणं ही आवराआवर. झाडलोट कधी होईल ते भाषा ठरवते, आवराआवर आपण करायची. जावाने वस्तू जाण्याआधी आपोआप चालणाऱ्या 'फायनलाइझ'वर ती सोपवून पाहिली, पण ते कधी चालेल, चालेल की नाही, याचीच खात्री नव्हती. २०१७ मध्ये जावा ९ पासून ते वापरू नका असं सांगण्यात आलं. घर सोडताना सिलिंडर आपण बंद करतो, केर काढायला येणाऱ्या बाईवर टाकत नाही.

फोंड्याहून

ओळखीचा निर्देश पसंत. आवराआवर तर उत्तमच. आता 'रूट' राहिला, जिथून शोध सुरू होतो तो. मूळ म्हणू नका, झाडाच्या मुळाशी गल्लत होईल. 'उंबरठा' कसा?