‘नोतारि नोतारि’ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एका शब्दाशी अडले आहे. योसा बुसोन (१७१६–१७८४) या जपानी चित्रकार-कवीची एक कविता मराठीत आणायची आहे.

हारु नो उमि
हिनेमोसु नोतारि
नोतारि काना

‘हारु नो उमि’ म्हणजे वसंतातला समुद्र. ‘हिनेमोसु’ म्हणजे दिवसभर, पण जुन्या काव्यातलं वळण असलेला शब्द. ‘काना’ हा उद्गार. घोडं पेंड खातंय ते ‘नोतारि नोतारि’पाशी. ‘संथ लाटा उठतात, विरतात’ असं लिहिलं तर अर्थ कळतो, पण हलत काहीच नाही.

—

‘हेलावत हेलावत’ लिहा की. समुद्राचाच शब्द आहे.

—

तोच आधी लिहिला होता. पण हल्ली समुद्रापेक्षा मनच जास्त हेलावतं, आणि तेही श्रद्धांजलीच्या बातमीत. बुसोनचा समुद्र तर मजेत पडलेला आहे.

—

मग ‘डुचमळत’?

—

डुचमळतं ते कळशीतलं पाणी. तो शब्द आला की समुद्राला काठ येतात.

—

थोडं जपानी शिकलोय म्हणून लिहितो. ‘नोतारु’ म्हणजे सरपटणं, अंग ओढत पुढे जाणं. ‘नोतारि’त त्याचीच छटा आहे. म्हणजे इथे उसळणं नाही, आपटणं नाही, फेसही नाही. एक भलंमोठं सुस्त अंग हलतंय. मी तरी ‘लोळत लोळत’ म्हणेन. सुट्टीच्या दुपारी चटईवर पोर लोळतं ना, ना झोपलेलं ना जागं, तसं.

आणि ओळी नीट मोजा. पाच-सात-पाच अक्षरांच्या मापात पहिलं ‘नोतारि’ दुसऱ्या ओळीच्या शेवटी पडतं आणि दुसरं तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. जोडशब्द मधोमध मोडलाय. ओळ संपते, लाट मात्र संपत नाही. त्यामुळे दोन्ही ‘लोळत’ एका ओळीत कोंबू नका, सगळी गंमत जाईल.

जाता जाता: याला सर्रास ‘हायकू’ म्हणतात, पण बुसोनच्या काळी शब्द होता ‘होक्कु’, म्हणजे साखळीकवितेतली पहिली कडी. स्वतंत्र कविता म्हणून ‘हायकू’ हे नाव रूढ केलं ते कवी मासाओका शिकीने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बुसोनला कवी म्हणून पुन्हा वर काढलं तेही त्यानेच. तोवर लोक त्याला मुख्यतः चित्रकार म्हणूनच ओळखत.

—

विषयांतर होतंय, पण बुसोन हे नाव की आडनाव?

—

दोन्ही नाही, टोपणनाव. मूळ आडनाव तानिगुची, जन्म ओसाकाजवळच्या केमा गावचा. १७५४ ते १७५७ तो उत्तर किनाऱ्यावरच्या तांगो प्रांतात राहिला. तिथल्या भागाचं नाव योसा, ते त्याने पुढे आडनाव म्हणून घेतलं. ‘बुसोन’मधला ‘सोन’ म्हणजे गाव. ‘बु’च्या अक्षराचे अर्थ दोन: सलगम, आणि रान माजलेली पडीक जमीन. ‘शेतं ओस पडताहेत, परत चल’ अशा अर्थाची एक प्रसिद्ध जुनी चिनी रचना आहे, तिच्यातून हे अक्षर आलं असं मानतात. सलगमवालेही आहेत. मला ‘ओसगाव’ आवडतं.

त्याची चूल पेटायची ती चित्रांवर. १७७१ साली इके नो ताइगाबरोबर त्याने एक चित्रसंच केला: डोंगरातल्या राहण्याच्या दहा सोयी ताइगाने काढल्या, दहा सुखं बुसोनने. तो आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. सोयी आणि सुखं यांची अशी वाटणी करणाऱ्यांना शब्दांचा कान असणारच!

—

धन्यवाद. ‘हिनेमोसु’साठी ‘उभा दिवस’ मनात होतं, उभा जन्म म्हणतो तसं. पण उभा आणि लोळणं शेजारी आले की हसू येतं. म्हणून:

वसंतातला समुद्र
अवघा दिवस लोळत
लोळत बाई

—

‘बाई’ काढा, भोंडला वाटतोय.

—

काढलं. मग ‘काना’च्या जागी काय?

—

काही नको. ‘लोळत’वर ओळ मोडलीये ना, तिथे वाचणारा आपसूक थांबतो.