जुनी साउंड सिस्टीम, ऑनलाइन सौदा: सीमाभागातले अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव (धागा काढणारा)
गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुने ॲम्प्लिफायर, मिक्सर, माइक यांची घेवदेव वाढते. मंडळांना कमी पैशांत सिस्टीम हवी असते, साउंडवाल्यांना जुना माल काढायचा असतो, आणि आता बरंचसं फोनवरच्या जाहिरातींवरूनच ठरतं. गल्लीतल्या वर्गणीचे पैसे अशा सौद्यात बुडालेले मी पाहिलेत. म्हणून सगळ्यांना विनंती, नुसतं 'सावध राहा' लिहू नका. समोरचा काय बोलला, शंका कुठं आली, माल कसा तपासला, ते सांगा.

अनगोळ
यामाहाचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर, बाजारभावाच्या निम्म्यात. विकणारा म्हणाला, मराठा सेंटरला (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावातलं केंद्र) आहे, बदली झाली, क्वार्टर रिकामं करतोय. आपल्याकडं घरोघरी कोणीतरी फौजेत, त्यामुळं असं ऐकलं की माणूस लगेच विश्वास ठेवतो. मी न मागताच त्यानं ओळखपत्र आणि गणवेशातला फोटो पाठवला. मी म्हटलो, सेंटर जवळच आहे, गेटवर येतो, तिथं दाखवा. तिथून सूर बदलला. बाहेरच्यांना परवानगी नाही, माल आर्मीच्या गाडीतून येईल, आधी भाडं भरा, ते परत मिळेल. आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी फोन घेऊन युनिट विचारलं, मग कंपनी विचारली, तसा फोन कट. मामा म्हणाले, फौजेची गाडी कुणाचा ॲम्प्लिफायर पोचवत फिरत नाही. ज्या जवानाचं कार्ड असं चोरून फिरवतात त्याची बदनामी होते, याची मला जास्त चीड आली.

निपाणी
कोल्हापूरच्या एका साउंडवाल्याचा सोळा चॅनलचा मिक्सर होता. त्यानं इसार ऑनलाइन मागितला. मी सांगितलं, कागलपर्यंत या, मी कोगनोळी नाका ओलांडून येतो, ओळखीच्या दुकानात वीज आहे. तो आला. ज्याच्याकडं खरंच माल आहे त्याला भेटायला अडचण नसते. एकच माइक प्रत्येक चॅनलला लावून बघितला, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर-खाली करून खरखर ऐकली, कंडेन्सर माइकला मिक्सरकडून वायरीतूनच वीज लागते, तो लावून ही ४८ व्होल्टची 'फँटम' वीज येते का पाहिलं. मग गाणं लावून तापू दिला, कारण काही बिघाड गरम झाल्यावरच बाहेर येतात. दोन चॅनल मुके निघाले, तेवढे पैसे कमी झाले. स्पीकर घेताना त्याचा कोन (पुढचा हलणारा पडदा) दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं सारखा दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइलमध्ये गडबड आहे. सीरियल नंबरसह सहीची चिठ्ठीही घ्या. मंडपातून चोरलेला माल असाच विकला जातो आणि पोलीस शेवटी घेणाऱ्याच्या दारात येतात.

खानापूर
आमच्या भजनी मंडळासाठी शुअर एसएम५८ बघत होतो. या माइकच्या नकला फार. अस्सल माइक साधारण २९८ ग्रॅम भरतो, म्हणून पहिल्यांदा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. बराच हलका होता, तिथंच परत दिला. वजन जुळलं तरी लगेच खरा मानू नका, खात्रीच्या माइकशेजारी धरून एकाच माणसाला अभंग म्हणायला लावा.

चिकोडी
विकणाऱ्यांसाठी. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. यूपीआयवर दोन व्यक्तींमधली पैसे मागण्याची विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण 'स्कॅन करा, तुमच्या खात्यात येतील' म्हणणारे आहेतच. स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही खोटे बनवता येतात. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत माल गाडीत चढवू द्यायचा नाही.

शहापूर, बेळगाव
मी रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर जमवतो. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली इथंच सुळेभावीत झाला, त्यामुळं त्यांच्या एलपीला आमच्याकडं गिऱ्हाईक कायम. भामट्यांनाही ते कळतं. दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून स्वतःचे म्हणून टाकतात. पूर्वी मी आजचा 'तरुण भारत' शेजारी ठेवून फोटो मागायचो, आता फोटोत काहीही बसवता येतं. म्हणून व्हिडिओ कॉल, आणि त्यातही मी सांगेन ते करायचं: सुई उचला, मधल्या गाण्यावर ठेवा, आता वेग बदला. फक्त फोटो हातात असलेला माणूस इथंच अडकतो. आणि 'दुसरा गिऱ्हाईक निघालाय, आत्ताच पाठवा' म्हटलं की मी सौदा सोडतो, एलपी कितीही दुर्मिळ असो.

अथणी
आमच्या शेजाऱ्यांनी काल रात्री स्पीकरसाठी पैसे पाठवले, आता नंबर बंद आहे. ठाण्यात जायचं तर समोरचा कुठल्या राज्यातला तेही माहीत नाही.

टिळकवाडी, बेळगाव
आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आत्ता लगेच. पैसे पुढच्या खात्यातून काढले गेले नसतील तर तिथं अडवता येतात, म्हणून एकेक तास मोलाचा. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी, नंबर, चॅट जवळ ठेवा, काहीही पुसू नका. बँकेलाही कळवा. भामटा कुठलाही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची जागा हद्दीबाहेरची असली तरी ठाण्यात माहिती नोंदवता येते.

चिकोडी
अर्ज कन्नडमधून लिहायला अडलं तर इथंच कळवा. मजकूर पाठवा, मी लिहून देतो.