अंधार की काळोख? ‘हार्ट ऑफ डार्कनेस’च्या निमित्ताने

प्रश्न : जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला एक उतारा मराठीत आणते आहे. ‘डार्कनेस’ला शेवटपर्यंत एकच शब्द ठेवायचा आहे. मला ‘काळोख’ जास्त गडद वाटतो, म्हणून तोच घ्यावा म्हणते. अंधार आणि काळोख यांत अर्थाचा काही फरक आहे, की नुसता प्रांताचा?

उत्तर : प्रांताचा फरक आहेच. कोकणात तिन्हीसांजेला ‘काळोख पडला’ म्हणतील, घाटावर ‘अंधार पडला’. पण वाक्प्रचारांत शिरलात की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. एखाद्याला आपण अंधारात ठेवतो, काळोखात नाही. भोवळ येताना डोळ्यांपुढे अंधारी येते. दिव्याखाली असतो तोही अंधारच. म्हणजे दिवा जळत असतानासुद्धा अंधार असू शकतो, कारण या शब्दाच्या पोटात ‘अंध’ आहे, न दिसणं आहे. काळोख म्हटलं की आधी काळा रंग ऐकू येतो.

कॉनरॅडला रंगापेक्षा हे न दिसणंच जास्त हवं आहे, असं मी ठामपणे म्हणेन. तो स्वतः १८९० साली काँगो नदीवर आगबोटीने गेला होता. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड तेव्हा त्या मुलखाचा धनी होता आणि ‘सुधारणेचा प्रकाश’ नेण्याच्या नावाखाली तिथे हस्तिदंताची आणि रबराची लूट चालली होती. १८९९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये क्रमशः आलेल्या या कथेत म्हणूनच पांढरं ते चांगलं हा हिशेब पार उलटतो. माणसं ज्याच्यासाठी जिवावर उठतात तो हस्तिदंत पांढरा. बाहेर माणसं मरत पडलेली असताना हिशेब लिहीत बसलेल्या कारकुनाची कडक कॉलर पांढरी. बोटीला गाठणारं धुकं पांढरं, आणि ते रात्रीपेक्षाही आंधळं करणारं आहे, असं कथेचा निवेदक मार्लो सांगतो. जंगलात आत राहून कंपनीसाठी हस्तिदंत जमवणाऱ्या कुर्ट्‌झने काढलेलं चित्र तर नीट पाहाच : डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई, हातात पेटती मशाल, मागे जवळजवळ काळी पार्श्वभूमी. जिच्या हाती उजेड आहे तिलाच दिसत नाही, आणि तो उजेड चेहऱ्यावर पडल्यावर चेहरा भेसूर दिसतो.

सगळ्यात महत्त्वाची जागा कुर्ट्‌झच्या मरणाची. मार्लो मेणबत्ती घेऊन आत येतो, तर कुर्ट्‌झ म्हणतो, मी इथे अंधारात मरणाची वाट पाहत पडलो आहे. मेणबत्ती त्याच्या डोळ्यांपासून फूटभरसुद्धा लांब नसते. इथे ‘काळोखात पडलो आहे’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल, खोलीत दिवा नसावा. ‘अंधारात’ लिहिलंत तर तो त्याच्या डोळ्यांतला होतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात या कथेवर कडाडून टीका केली. आफ्रिकेचा नुसता रंगमंचावरचा मागचा पडदा केला आहे, तिथल्या माणसांना माणूस म्हणून जागाच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मला तो बराचसा पटतो. मग आपण होऊन अनुवादात काळ्या रंगाची भर कशाला घालायची? मुळात काळा म्हणजे वाईट हे मराठीतही सरसकट खरं नाही. काळा बाजार आहे, तोंड काळं करणं आहे, पण शेतजमीन काळी आई आहे आणि विठोबा काळाच आहे. उलट ‘पांढऱ्या पायाची’, ‘पांढरं कपाळ’ या शब्दांनी आपल्याकडे किती बायकांना घायाळ केलं आहे, ते वेगळं सांगायला नको.

एक जागा मराठीला फुकटात मिळते. ज्या शहरातून मार्लोची नेमणूक होते त्या शहराला तो चुना फासलेल्या कबरीची उपमा देतो. ती बायबलमधली आहे. बाहेरून पांढरंशुभ्र, आत हाडं. आणि चुना लावणे म्हणजे फसवणे हेही मराठी वाचकाला आपोआप ऐकू येतं. तो शब्द बदलू नका.

पुरवणी प्रश्न : मग ‘तिमिर’ का नको? आयुर्वेदात तिमिर हा डोळ्यांचा विकारच आहे ना? तुमच्या म्हणण्याला तर तो जास्त जुळतो.

उत्तर : अर्थाने जुळतो, पण मराठी कानात तिमिर शब्दाबरोबर पसायदान येतं. ‘दुरिताचें तिमिर जावो’ म्हणताच पुढच्या चरणात स्वधर्मसूर्य उगवतो. तिथला अंधार जाण्यासाठीच आहे. कॉनरॅडच्या कथेत असा सूर्य नाही. कथा टेम्सवरच्या बोटीत सांगितली जाते, आणि हीही एके काळी पृथ्वीवरच्या अंधाऱ्या जागांपैकीच एक होती, असं मार्लो सुरुवातीलाच लंडनबद्दल म्हणतो. तिमिर वापरला तर तुमच्या वाचकाला नको तो दिलासा मिळेल. रात्रीच्या जंगलाची साधी वर्णनं असतील तिथे काळोख खुशाल येऊ द्या, ‘मिट्ट काळोख’ला तोड नाही. पण जिथे माणसाला दिसत नाही किंवा बघायचं नाही, तिथे अंधारच ठेवा.