रांजण भरणाऱ्यांना ठाऊक होतं

आजार अचानक बरा झाला तरच चमत्कार, बाकी सगळा योगायोग, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, काना गावच्या लग्नात येशूनं सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस केला, पण तो कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला, म्हणजे मेजवानीची व्यवस्था पाहणाऱ्याला, कळलंच नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना मात्र ठाऊक होतं!

असाच गाजावाजा न होता आलेला चमत्कार मी घरी पाहिला. माझी आई प्रार्थनेची वही ठेवायची. डाव्या पानावर मागणं आणि तारीख, उजवं पान उत्तरासाठी कोरं. बाबांचं काम सुटलं तेव्हा तिनं 'या महिन्याचं भाडं' एवढंच लिहिलं. आठवड्याभरानं समोर लिहिलं, 'शेजारच्या मावशींनी चार ब्लाउज शिवायला दिले. देवाची स्तुती असो.' त्यात भाडं काही निघालं नाही, पण त्या चार ब्लाउजांपासून सुरू झालेली शिलाई पुढे आमची फी भरत राहिली.