मदत हवी आहे: डोळ्याचा पडदा मेंदूला नेमकं काय कळवतो?

नमस्कार मंडळी,
बारावीतल्या भाचीच्या प्रश्नांनी मामाची दांडी गुल केली आहे. पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम १० ते १२ लाख. शंभरांमागे एक! मग एवढं स्वच्छ दिसतं कसं? शिवाय या पेशी अंधारात ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन जास्त सोडतात आणि उजेड पडला की हात आखडतात म्हणे. हे उलटं नाही का? यूट्यूबवरची उत्तरं एकतर पाचवीची, नाहीतर पीएचडीची. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १
शंभरांमागे एक ही सरासरी झाली, वाटणी सारखी नाही. पडद्याच्या मध्यावरच्या फोव्हिया नावाच्या खळग्यात मधोमध एकेका शंकूपेशीला स्वतःची वाट मिळते, कडेला मात्र शेकडो दंडपेशींत एक तंतू. या ओळीवरून नजर न हलवता पानाच्या तळचा शब्द वाचून बघा. स्वच्छ दिसतं ते इवल्याशा भागात. बाकीचं आपण डोळे फिरवून भागवतो.

दुसरं म्हणजे, उजेड किती यापेक्षा शेजारच्यापेक्षा किती कमी-जास्त, हे कळवण्यावर पडद्याचा भर. स्टीफन कुफलर यांनी १९५३ मध्ये मांजरांवर दाखवलं, की गँग्लियन पेशीच्या (जिचा तंतू मेंदूकडच्या नसेत जातो ती) वाट्याला आलेल्या पडद्याच्या क्षेत्राच्या मध्यावर प्रकाशाचा ठिपका पाडला तर ती जोरात संदेश धाडते, भोवतीच्या कड्यावर पाडला तर गप्प होते. काहींचं बरोब्बर उलट. उजेड सगळीकडे सारखा असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खोडतात. कोऱ्या भिंतीबद्दल कळवण्यासारखं फारसं नसतंच, तिच्या कडेबद्दल असतं. या कामात शेजारच्या पेशींना आडवं जोडणाऱ्या हॉरिझॉन्टल पेशींचा मोठा वाटा.

प्रतिसाद २
ग्लुटामेटचा उलटा कारभार पुढच्याच पायरीवर निस्तरतो. दंड-शंकूपेशींचा संदेश गँग्लियन पेशींकडे नेणाऱ्या मधल्या पेशी म्हणजे बायपोलर पेशी. त्यांच्या एका जातीला ग्लुटामेट दाबतं, म्हणून उजेडात ती मोकळी होते. दुसरीला तेच चेतवतं, म्हणून ती अंधारलं की जागी होते. ‘उजळलं’ आणि ‘काळवंडलं’ या दोन बातम्या अशा वेगळ्या तंतूंनी जातात.

मूळ धागाकर्ता
मस्तच! म्हणजे हर्मन ग्रिडच्या (काळ्या चौकोनांमधल्या पांढऱ्या पट्ट्यांची जाळी) चौकांत करडे ठिपके दिसतात ते या मध्य-कडं प्रकारामुळेच?

प्रतिसाद १
बऱ्याच ठिकाणी तसंच छापलेलं असतं, पण मला पटत नाही. त्याच रेषा जराशा नागमोडी केल्या की ठिपके गायब होतात. नुसत्या मध्य-कडं हिशोबाने ते टिकायला हवे होते. मेंदूच्या दृष्टिकेंद्राचाही हात असावा. भाचीला तेवढं सांगून ठेवा.