खालची दाढ काढून आठ महिने झाले : इम्प्लांट की ब्रिज?

खिंडार५८
खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ गेली. वीस वर्षांपूर्वी रूट कॅनाल होऊन कॅप बसवलेली. मुळालाच उभी चीर गेली, म्हणून डॉक्टरांनी दोन तुकडे करून काढली. एका दाढेनं काय अडतंय, असं म्हणत मी आठ महिने काढले. जीभ मात्र सारखी त्या खिंडीत जाऊन बघून येते.

आता डॉक्टर म्हणतात, वरची दाढ खाली उतरायला लागलीय, मागची पुढे कलतेय. अजून थांबलात तर जागाच उरणार नाही. ब्रिज (शेजारच्या दोन दाढांवर कॅप आणि मध्ये त्यांना जोडलेली खोटी दाढ) करायचा तर त्या दोन दाढा घासाव्या लागतील, आणि त्या दोन्हींना आजवर साधं सिमेंटही भरलेलं नाही. जिवावर येतं. उलट इम्प्लांट, म्हणजे हाडात भोक पाडून स्क्रू बसवायचा आणि त्यावर खोटी दाढ, म्हटलं की पोटात गोळा येतो. वय ५८, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.८. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी नीट सांगा. आणि 'आयुष्यभराचं काम' म्हणतात ते कितपत खरं?

दोरेवाली
माझा ब्रिज १४ वर्षं टिकला. मग आतली एक दाढ कॅपखाली किडली आणि अख्खा ब्रिज काढावा लागला. खालून दोरा घालून साफ करायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेलही. मी ऐकलं नसेल.) शेजारच्या दाढा धडधाकट असतील तर त्यांना हात लावू नका एवढंच म्हणेन.

दुसरा_स्क्रू
नावावरून कळलंच असेल, माझा पहिला स्क्रू फुकट गेला. जागा तुमचीच, खालची पहिली दाढ. नऊ वर्षं झाली.

आधी भीतीचं. दाढ काढताना जेवढा त्रास झाला त्याच्या निम्माही इथे झाला नाही. भूल दिल्यावर दुखत नाही, फक्त आवाज येतो, तोही कानातून नाही, कवटीतून. वरच्या मजल्यावर कुणी जड कपाट सरकवतंय असा. वर थंड पाण्याची धार चालू. अर्ध्या-पाऊण तासात मी टाके घालून बाहेर. दोन दिवस गाल सुजला, वेदनाशामक गोळ्या तिसऱ्या दिवशी सोडल्या.

आता फुकट का गेला ते. 'सिगारेट सोडलीत ना?' असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी हो म्हणालो. सोडली नव्हती. दिवसाला सात-आठ चालू होत्या. तीन महिन्यांनी स्क्रूवरची खोटी दाढ बसवायला गेलो. त्यांनी छोटी चावी लावून हलकेच फिरवली, तर चावीबरोबर स्क्रूही फिरला. दुखलं अजिबात नाही, पण ते फिरणं आतून जाणवलं ते अजून आठवतं. हाडानं त्याला धरलंच नव्हतं. डॉक्टर काही बोलले नाहीत, स्क्रू उलटा फिरवून काढला आणि गॉझवर ठेवला. चार मिलिमीटर जाडीची वस्तू, स्वच्छ, चकचकीत. माझं खोटं तिथे गॉझवर पडलं होतं म्हणा ना.

चार महिने थांबून, खरोखर सिगारेट सोडून दुसरा बसवला. तो आजही आहे. मध्ये एकदा त्यावरच्या खोट्या दाढेचा आतला छोटा स्क्रू ढिला झाला. दाढ किंचित हलायची. पाच मिनिटांत आवळून दिला.

दातांचाच_धंदा
दंतवैद्य आहे, म्हणून थोडी भर. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५२ साली सशाच्या हाडात बसवलेलं उपकरण सुटेना तेव्हा लक्षात आलं. माणसाला पहिला इम्प्लांट त्यानं १९६५ साली बसवला. थंड पाण्याची धार असते ती हाड तापू नये म्हणून. ४७ अंशांच्या वर मिनिटभर राहिलं तरी हाड मरतं आणि मग स्क्रू धरत नाही.

तुमची साखर इम्प्लांटच्या आड येणारी नाही. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं किंवा इंजेक्शनं चालू असतील तर मात्र आधी सांगा. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) कराच. खालच्या जबड्यातून संवेदनेची शीर (नर्व्ह) जाते, तिच्यापासून दोनेक मिलिमीटर अंतर राखावं लागतं. शिवाय आठ महिन्यांत हाडाची रुंदी बरीच कमी झालेली असते.

'आयुष्यभराचं' हा शब्द मी वापरत नाही. दहा वर्षांनी शंभरात नव्वदहून जास्त टिकलेले असतात. पण खऱ्या दाताभोवती जो पातळ पडदा असतो, ज्यामुळे दाताखाली केस आला तरी कळतो, तो इम्प्लांटला नसतो. त्यामुळे भोवतीचं हाड झिजत असलं तरी दुखत नाही. ब्रश करताना रक्त दिसलं की दुखायची वाट न बघता यायचं.

खिंडार५८
सगळ्यांचे आभार. स्कॅन झाला. रुंदी ७ मिलिमीटर, शिरेच्या वर १४. हाडाची भर घालावी लागणार नाही म्हणाले. पुढच्या गुरुवारी आहे. @दुसरा_स्क्रू, साफसफाई कशानं करता? आणि माझी विडी-सिगारेट कधीच नव्हती, तेवढं एक बरं.

दुसरा_स्क्रू
फटीत घालायचा बारीक ब्रश, रोज रात्री. माप डॉक्टरांकडूनच घ्या. मी अंदाजानं जाड आणला होता, तार वाकून हिरडीत घुसली. आणि स्क्रूची कंपनी, माप, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या. माझं हरवलं. तो छोटा स्क्रू ढिला झाला तेव्हा त्याला नेमकी कुठली चावी लागते हे शोधण्यातच अर्धा दिवस गेला होता.