एलईडी लावले की रेडिओवर खरखर: फेराइट नेमकं कुठे लावायचं?

लघुलहरी
छतात ६ एलईडी डाउनलाइट आहेत, प्रत्येकाचा ड्रायव्हर (मेन्सवरून दिव्याला डीसी करंट देणारं सर्किट) वेगळ्या डबीत. लावले की मीडियम वेव्हवरची स्टेशनं बुडतात, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास ठरावीक अंतरावर खरखरीचे पट्टे दिसतात. एफएम बरंच स्वच्छ. रेडिओच्या वायरला क्लिपचं फेराइट (वायरीतला गोंगाट अडवणारा चुंबकीय सिरॅमिकचा तुकडा) लावलं, काही फरक नाही. दिवेच बदलायचे का?

सोल्डरशिसं
आधी रेडिओ सेलवर चालवून बघा, म्हणजे त्याच्या अ‍ॅडॉप्टरचा संशय मिटेल. मग एमसीबी पाडून एकेक ड्रायव्हर सोडवा आणि पुन्हा ऐका. कित्येकदा सहांपैकी एकदोनच बोंबलत असतात. पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे ड्रायव्हरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी (तो सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतो), समजा ६५ किलोहर्ट्झ. ड्रायव्हर तापला की पट्टे हळूहळू सरकतात, ही त्याची पक्की खूण.

क्लिपचा उपयोग होणार नव्हताच. वायर एकदाच आरपार गेली तर १ मेगाहर्ट्झला मिळणारा अडथळा नगण्य असतो. शिवाय अँटेना झालीय ती घरभरची वायरिंग, त्यामुळे चोक (फेराइटवर गुंडाळलेली वायर) हवा ड्रायव्हरच्या तोंडाशी. ३१ नंबर मिक्सची (हा फेराइटचा एक प्रकार) मोठी रिंग घ्या, फेज-न्यूट्रल एकत्र धरून १० ते १२ फेरे घाला. अडथळा साधारण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. सुरुवातीचा आणि शेवटचा फेरा एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून वरच्या फ्रिक्वेन्सी निसटतात. ड्रायव्हरपासून दिव्यापर्यंतची डीसी वायर लांब असेल तर तिलाही चोक लागेल. हे लोक विसरतात.

पाचवा_हार्मोनिक
७ मेगाहर्ट्झला एवढं पुरेल, मीडियम वेव्हला बहुधा नाही. खालच्या फ्रिक्वेन्सीला फेज-न्यूट्रलमधला डिफरन्शियल गोंगाट, म्हणजे एका वायरीतून जाऊन दुसरीतून परतणारा, जास्त असतो आणि वायरी एकत्र गुंडाळल्या की रिंगला तो दिसतच नाही. तिथे ड्रायव्हरच्या इनपुटला, फ्यूजनंतर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर (फेज-न्यूट्रलमध्ये जोडायलाच बनवलेला) लावा. त्याला समांतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये, म्हणजे बंद केल्यावर चार्ज उरणार नाही. एक्स२च हवा, साधा डीसी कपॅसिटर मेन्सवर शॉर्ट होऊन पेटू शकतो. अर्थिंग नसेल तर वाय कपॅसिटरच्या (मेन्सच्या वायरीपासून अर्थला जोडायचा) वाटेला जाऊ नका, धातूची बॉडी झिणझिण्या देईल.

लघुलहरी
दिवे डिमरवर आहेत, सांगायचं राहिलं.

पाचवा_हार्मोनिक
मग कपॅसिटर रद्द. ट्रायॅक (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेला डिमर दर अर्ध्या सायकलला एकदम चालू होतो, त्या झटक्याने कपॅसिटरमध्ये करंटचा मोठा स्पाइक जातो आणि ट्रायॅक मरतो. मुळात तो डिमरच मीडियम वेव्हवर गुणगुणत असणार. काही दिवस साधा स्विच लावून ऐका.

सोल्डरशिसं
तरी भागलं नाही तर फक्त ड्रायव्हर बदला. करंट तंतोतंत जुळवा (जुन्यावर ३०० मिलिअँपिअर असेल तर ३००च) आणि दिव्याचा व्होल्टेज नव्याच्या रेंजमध्ये बसतोय ना, बघा. आत कॉमन मोड चोक (दोन्ही वायरींत एकाच दिशेने जाणारा गोंगाट अडवणारा) आणि एक्स कपॅसिटर असलेला घ्या. स्वस्त ड्रायव्हरच्या बोर्डवर चोकची जागा छापलेली असते, पण तिथे चक्क जंपर (नुसता तारेचा तुकडा) मारलेला सापडतो. लिनिअर ड्रायव्हरमध्ये स्विचिंग नसल्यामुळे ही खरखर होत नाही, पण तो तापतो आणि बऱ्याच दिव्यांत १०० हर्ट्झचा फ्लिकर दिसतो.